वाट्यानं दिलेली तलंग

आमच्या कोंबड्या पहिल्यांदा बघणारं माणूस एकच विचारतं, "हिला काय झालंय?" काही झालेलं नसतं. त्यांची मान अंड्यातून निघतानाच उघडी असते. डोक्यावर टोपीएवढी पिसं, अंगावर भरपूर पिसं, आणि मधली मान मात्र लाल, उघडी, उन्हात आणखी लाल होणारी. एका पाहुण्यानं तर मला गावाकडच्या वैद्याचं मलम सुचवलं होतं. पहिली काही वर्षं मी सगळ्यांना नीट समजावून सांगायची की ही जातच अशी आहे. आता माझ्याच्यानं होत नाही. आता मी सांगते, लग्नात हार घालायचाय, म्हणून मान मोकळी ठेवलीय. त्यावर माणूस गप्प तरी बसतं.

युसूफ वडगावात आमचं घर म्हणजे पुढं मालकांचं मोटारी भरायचं दुकान आणि मागं माझं अंगण. पुढं विहिरीतल्या जळक्या मोटारी नवी तार भरून घ्यायला येतात, तांब्याच्या तारेचे वेढे पडलेले असतात. मागं शेवग्याचं झाड, धुण्याचा दगड आणि पत्र्याचं खुराडं. अंगणाच्या भिंतीपलीकडं भाबी. तिच्या घरी फळांचा धंदा, त्यामुळं पिकून गेलेली पपई नाहीतर फुटका पेरू भिंतीवरून माझ्या कोंबड्यांना येतो आणि माझ्याकडचा बाजरीचा चुरा तिच्या कोंबड्यांना जातो. कुणी काय दिलं, कुणाला काय आलं, हे आम्ही कधी मोजलं नाही. भांडलो मात्र चिक्कार.

या उघड्या मानेच्या कोंबड्या मुळात माझ्या मायच्या, दिंद्रुडच्या. माझी थोरली माहेरी झाली, पण धाकटीच्या वेळी मी इथंच होते. तेव्हा माय एसटीनं आली. हातातल्या पिशवीला भोक पाडून त्यातून दोन डोकी बाहेर काढलेली. एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आणि एक कोवळा कोंबडा. बाळंतिणीला आळणी रस्सा पाजायचा म्हणून आणलेली जोडी. सासूबाईंनी पिशवी उघडली आणि दोन पावलं मागं सरकल्या.

"विहीणबाई, आजारी जनावर बाळंतिणीला घालायचं?"

"आजारी न्हाई हो. जातच तशी हाय."

"असंल. आमच्या चुलीवर नको."

आणि त्यांनी त्याच दिवशी माझ्यासाठी दुसरी, पिसांनी भरलेली कोंबडी आणवली. मायला राग यायला हवा होता. पण ती रात्री माझ्या बाजेशी बसून हळूच म्हणाली, "बरं झालं बाई. खाऊन संपली असती." ती जोडी शेवग्याखाली राहिली. माझ्या अंगणातला सगळा पसारा त्या एका नकारातून सुरू झाला. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या असत्या तर त्यांना मी हे चिडवून चिडवून सांगितलं असतं.

बीडचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला या कोंबड्यांचं मोल कळतं. चैत्र-वैशाखात भाबीच्या कोंबड्या दुपारी चोची उघड्या टाकून भिंतीच्या सावलीला पडायच्या आणि अंडी बंद करायच्या. माझ्या तेवढ्याच उन्हात उकिरडा उकरत असायच्या. मानेला वारा लागतो ना. शिवाय मानेत उवा होत नाहीत आणि कापलीच तर सोलायचं काम निम्मं. दिसायला म्हणाल तर नाहीत चांगल्या, मी कबूल करते. पण रूप बघून अंडी थोडीच खायची असतात.

अंडी बसवणं, पिल्लं जगवणं हे माझं काम, आणि पैदाशीला कोंबडा निवडायचा मान मालकांचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "बी कोंबड्याचं असतं." मोटार भरणारं माणूस, त्यांना वाटायचं सगळं वेढे नीट बसण्यावर आहे. दरवर्षी ते पिल्लं हातात घेऊन मान तपासायचे. काहींची मान सगळी उघडी असायची, ती चांगली. काहींच्या मानेवर पुढच्या बाजूला, गळ्याशी, चिमूटभर पिसं असायची. त्यांना आम्ही 'भेसळीची' म्हणायचो आणि पाहुणा आला की पहिली तीच कापायचो. काही पूर्ण पिसांच्या मानेची निघायची, ती वाटून टाकायचो. असं करत करत अंगणात सगळी साफ उघड्या मानेची झाली. मालक दुकानात आलेल्या शेतकऱ्यांना मोटार दाखवायच्या आधी कोंबड्या दाखवायचे.

माय आली की तीही एक कोंबडी मांडीवर घ्यायची. हनुवटीपासून खाली दाण्याच्या पिशवीपर्यंत तिच्या मानेवरून एक बोट फिरवायची. मग म्हणायची, "छान हायत," आणि खाली सोडायची. दरवेळी तेच. मला वाटायचं ती कौतुक करतेय.

गेल्या काही वर्षांत मायचं अंगण गेलं. भावानं स्लॅबचं घर बांधलं, खाली फरशी, बाहेर फरशी, गाडी लावायला फरशी. वाईट कुणीच नाही. वहिनी तिला गरम भाकरी करून घालते, भाऊ औषध चुकू देत नाही. पण फरशीवर कोंबड्यांची घाण कोण काढणार, म्हणून कोंबड्या गेल्या. त्यातच तिचे डोळे गेले, काचबिंदूनं. आता उजेड आणि सावली तेवढी कळते. आणि तेव्हापासून तिनं एक वाक्य धरलं. नातीच्या लग्नाचं बोला, "तवर मी कुठं असते." पुढच्या वर्षी गच्चीवर पत्रे टाकू म्हटलं, "तवर मी कुठं असते." मला त्या वाक्याचा भयंकर राग यायचा. मी फोनवर ओरडायची सुद्धा. ती शांतपणे म्हणायची, "वरडतीस कावून? खरं तेच बोलले."

अशात एका श्रावणात तिचा फोन आला. आपणहून ती कधी फोन लावायची नाही.

"बाई, मला एक तलंग दे. माझ्यातली."

"आन फरशी?"

"न्हाणीमागं हातभर माती राहिलीय. तुझ्या भावाला इचारलंय, व्हय म्हन्ला. मला दिसत न्हाई, पन कोंबडी ऐकू तर येती."

तिनं माझ्याकडं कधी काही मागितलेलं नव्हतं. लुगडंसुद्धा दिलं तर "कशाला" म्हणायची. मी म्हटलं, दसरा होऊ दे, चांगली बघून देते. फोन ठेवला आणि त्याच दिवशी दोन तलंगा मनात धरून ठेवल्या.

दसऱ्याच्या आधीच मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग असा की कोंबडी मान पिळून फिरायला लागते, हिरवं हगते आणि जाते. त्याच्या लशीचे थेंब पाजून घेतात, आम्ही पाजायचोही, पण त्या खेपेला थेंब मिळायच्या आतच रोग दारात होता. चार-सहा दिवसांत खुराडं रिकामं झालं. ज्या दोन मनात धरल्या होत्या त्या पहिल्या गेल्या. कोंबडे गेले. राहिली फक्त एक म्हातारी राखी कोंबडी, जिनं मागं एकदा हाच रोग काढला होता. तिची अंडी कमी झालेली, खुडूक होऊन अंड्यांवर बसायचं तर तिनं दोन वर्षांपासून सोडलेलं. मी खड्डा करून सगळ्यांना पुरलं आणि त्या दिवशी जेवले नाही. कोंबड्यांसाठी काय रडायचं, असं लोक म्हणतात. म्हणू देत.

मायला लपवून काय करणार. मी सांगितलं, "माय, सगळ्या गेल्या. एकच राहिलीय, म्हातारी."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोंबडी राहिली ना?"

"व्हय."

"मग हाय की."

ती माझी समजूत काढतेय असं मला वाटलं. मालकांनी तर निकालच लावला होता, "उघड्या मानेचा कोंबडा न्हाई तर जात संपली. बी कोंबड्याचं असतं." म्हणजे आता उघड्या मानेचा कोंबडा शोधायचा, तोही म्हातारीची अंडी आटायच्या आत. मालक एका मोटारीसाठी आष्टीला गेलते, तिथला बाजार बघून आले. नाही. मी इकडं विचारलं, तिकडं विचारलं. लोक म्हणायचे, तुमच्याकडंच होत्या की. व्हय, होत्या.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका आठवडी बाजारात मला तो दिसला. पाय बांधून पोत्यावर ठेवलेला, तांबडा-काळा, तुरा ताठ, आणि मान उघडी. लाल. माझे पाय आपोआप तिकडं गेले. विकणारा तिशीतला, कानाला मफलर गुंडाळलेला, गोड बोलणारा. मी अडाणी नाही. मी कोंबडा उचलून छाती चाचपली, पायाचे काटे बघितले, तुऱ्याचा रंग बघितला, नाक स्वच्छ आहे का बघितलं. मानेवर मात्र बारीक बारीक पुरळासारखं दिसलं.

"हे काय हाय रं?"

"काटा आलाय मावशी, थंडीचा. मान उघडी, थंडी वाजणारच की."

आता तुम्हीच सांगा. मी स्वतः शाल गुंडाळून उभी होते, माझ्या हातावर काटा होता. मला ते पटलं. शंभर गोष्टी तपासल्या आणि ज्या मानेसाठी गेले होते तिच्यावर एका वाक्यात विश्वास ठेवला. येताना जीपमध्ये त्याला पदराखाली धरून आणलं, मानेला वारा लागू नये म्हणून.

मालकांनी चष्मा लावून त्याला उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "बी चांगलं हाय." म्हातारीनंही त्याला नाकारलं नाही. पंधरा दिवसांत एकाआड एक करत तिनं सात अंडी दिली, ती मी बाजरीच्या डब्यात पुरून ठेवली. पण बसवायची कुणाखाली? भाबीची तपकिरी कोंबडी नेमकी खुडूक झाली होती. मी भिंतीवरून विचारलं, आणि ठरलं ते नेहमीसारखं: अंडी माझी, खुडूक तिची, पिल्लं निम्मी निम्मी. आमच्याकडं वाट्यानं द्यायची ही रीत जुनी आहे. शेळी असो, कोंबडी असो, ज्याच्याकडं नाही त्यानं दुसऱ्याची वाढवायची आणि पैदाशीतला अर्धा वाटा परत द्यायचा. शब्द दिला की झालं, तो मोडला तर गावात कुणी पुन्हा पिल्लू देत नाही. भाबीनं तिच्या मागच्या खोलीत, फळांच्या रिकाम्या खोक्यात पेंढा घातला आणि कोंबडी बसली.

ती बसून आठवडा-दीड आठवडा झाला असेल. मी सकाळी कोंबड्याला दाणे टाकत होते तर त्याच्या मानेवर काळे ठिपके. आधी वाटलं चिखल. ओल्या फडक्यानं पुसलं. ठिपके तिथंच. दोन दिवसांनी त्या ठिपक्यांना टोकं आली. आणखी दोन दिवसांत मानेवर भांडी घासायचा ब्रश उगवला. तो थंडीचा काटा नव्हता. उपटलेल्या पिसांच्या जागा होत्या त्या. कुणीतरी एकेक पीस उपटून, वर हळद-तेल चोळून, साधा गावठी कोंबडा मला उघड्या मानेचा म्हणून दिला होता.

मालक आले, चष्मा लावला, खाली वाकून बघितलं, आणि हसायला लागले. हसता हसता तारेच्या वेढ्यावर बसले. "अगं, दाढी करून विकला की तुला." मी म्हटलं, "आन तुमी चष्मा लावून बी बघितलं ते?" त्यावर त्यांचं हसू जरा कमी झालं. पण दुकानात गोष्ट गेलीच. त्या आठवड्यात जो मोटार घेऊन यायचा तो मागं डोकावून जायचा. कोंबड्याचं नाव पडलं घरजावई, कारण दाखवला एक आणि निघाला दुसराच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, तसंच हे. मला तोंड दाखवायची चोरी झाली.

पण खरं दुखत होतं ते वेगळं. म्हातारीनं अंडी द्यायचं थांबवलं होतं. ती सात अंडी शेवटची, आणि ती मी या नकली कोंबड्याची करून बसले होते. मायला मी आता काय देणार? साध्या मानेची कोंबडी तर दिंद्रुडच्या बाजारातही मिळते. मी तिला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं ती उसासा टाकेल. ती हसली. इतकी हसली की वहिनीनं फोन हातात घेऊन विचारलं, काय झालं म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांनाच हसायला येतंय तर हसा.

त्याच रागात मी भाबीच्या दारात गेले.

"भाबी, उठवा तुमची कोंबडी. ती अंडी फेकायचीत."

भाबी टोपलीतल्या चिकूंना हात लावून मऊ-कच्चे वेगळे करत होती. तिनं मान वर केली नाही. "बसलेल्या मुर्गीला उठवत न्हाईत, ताई."

"अंडी माझी हायत."

"अंडी तुमची. पन ऊब माझ्या मुर्गीची हाय. ती बी फेकनार का?"

"खोटी अंडी हायत ती. साधी पिल्लं निघनार."

"मग माझ्या वाट्याला साधी येतील. मला चालतंय." मग तिनं एक चिकू माझ्यापुढं धरला. "आमच्यात उठवत न्हाईत."

"आमच्यात बी न्हाईत," मी म्हटलं.

"मग झालं तर."

मी चिकू न घेता निघाले आणि तिचं पत्र्याचं फाटक असं आपटलं की दुकानातून मालक बाहेर आले. त्यानंतर आमचं बोलणं बंद. भिंत छातीएवढी, एकमेकींचं खोकणंसुद्धा ऐकू यायचं, तरी बंद. मला काही सांगायचं असलं तर मी घरजावयाला मोठ्यानं सांगायची. तीही तिच्या कोंबड्यांना उत्तर द्यायची.

एका सकाळी भिंतीवर तिचा हात दिसला. "ताई, या जरा."

माझी जायची इच्छा नव्हती. साधी पिल्लं बघायला काय जायचं. पण बोलावल्यावर न जाणं बरं दिसत नाही, म्हणून ओले हात पुसत गेले. खोलीत केळीचा आणि पेंढ्याचा वास. भाबीनं कोंबडीला एका बाजूनं अलगद उचललं. एक अंडं वाया गेलं होतं. सहा पिल्लं होती, नुकती वाळलेली. सहाच्या सहा पिल्लांची मान उघडी.

मी खाली बसले. एकेक उचलून मान बघितली. गुलाबी, उघडी, आणि पुढं गळ्याशी चिमूटभर लव. एकही पिसांच्या मानेचं नव्हतं. बाप तर भिंतीवर उभा राहून बांग देत होता, मानेवर ब्रश घेऊन. मला रडू आलं. सरळ सांगते, मोठ्यानं रडू आलं.

"रडता कावून?" भाबी म्हणाली. "निघाली की तुमच्या मनासारखी."

मालकांना बोलावलं. त्यांनी सहाही मानांवर बोट फिरवलं, कोंबड्याकडं बघितलं, पुन्हा पिल्लांकडं. "पन बी तर ह्याचं..."

"ठेवा तुमचं बी गुंडाळून," मी म्हटलं. "खाण तशी माती. समदी म्हातारीवर गेलीत."

"भेसळीची हायत पन," ते गळ्यावरची लव दाखवत म्हणाले. बायकोपुढं अगदीच हरायचं नसतं ना. मला त्या दिवशी भेसळ चालत होती. मी घरी येऊन म्हातारीपुढं मूठभर गहू टाकला आणि ती खाईपर्यंत तिथंच बसले.

संक्रांतीनंतर म्हातारी गेली. रोग नाही, काही नाही, सकाळी शेवग्याखाली पडलेली होती. तोवर पिल्लं आईपासून सुटी झाली होती, म्हणून आम्ही वाटा केला. रीतीप्रमाणं खुडूक जिची तिनं पहिलं उचलायचं, मग अंडीवालीनं, असं आळीपाळीनं. एवढ्या वयाच्या पिल्लांत कोंबडा कोणता, कोंबडी कोणती, मला ओळखता येतं असा माझा दावा होता. मी पाय बघून, तुरा बघून तीन निवडली. महिनाभरात तिघांचे तुरे लाल झाले आणि तिघांनीही बांग द्यायचा सराव सुरू केला. तीनही कोंबडे. भाबीच्या वाट्याला दोन तलंगा आणि एक कोंबडा. मालक शिट्टी वाजवत पुढं दुकानात गेले.

मी भाबीकडं एक तलंग मागू शकत होते? वाटा झाला म्हणजे झाला. आणि मागायचं तरी कोणत्या तोंडानं, जी अंडी फेकायला मी गेले होते त्यातलीच ती. मी मागितली नाही. रोज भिंतीवरून त्या दोन तलंगा बघायची आणि भाकरी थापायला जायची.

पाडव्याला माय आली. भावानं गाडीनं आणून सोडलं. ती पहिल्यापेक्षा हलकी झालेली, हाताला धरून अंगणात आणली तर शेवग्याखालच्या बाजेवर बसली आणि कान देऊन ऐकत राहिली. म्हणाली, "कोंबडं हायत. घरजावई धरून चार." मी माझ्या तिघांतला एक धरून तिच्या मांडीवर दिला. तिनं नेहमीसारखं हनुवटीपासून बोट खाली आणलं. गळ्याशी त्या चिमूटभर पिसांवर बोट थांबलं. तिनं ती पिसं दोन बोटांत धरली.

"हां," ती म्हणाली. "आता माझी लागली."

"म्हंजे?"

"अगं, तुझ्या बाळंतपणात आणलेली जोडी अशीच होती की. गळ्यात एवढीशी पिसं. आमच्याकडं समदी अशीच. मी दरवेळी येऊन बोट फिरवायची, एकीच्या बी गळ्याला लागायची न्हाईत."

मला आठवेना. मग आठवलं. पिशवीतून निघालेली दोन डोकी आणि त्यांच्या गळ्याशी अडकल्यासारखी पिसं. आम्ही तीच भेसळ म्हणून पाहुण्यांना घातली होती, एवढी वर्षं.

"आन तुमच्याकडं कोंबडा?" मालकांनी विचारलं. त्यांना अजून शंका होतीच.

"कोंबडा कवा होता? हिच्या बापाला पहाटंची बांग सोसायची न्हाई. कोंबडं मोठं झालं की कापायचं. भिंतीवरून यायचा कुनाचा तरी. कोंबडी तेवढी माझी."

"मग माय, बोलली का न्हाईस कधी?"

"तुमी लई हौसेनं दाखवायचात. काय बोलायचं." तिनं कोंबडा खाली सोडला आणि मांडी झटकली. "आता माझी तलंग दे."

त्याच वेळी भाबी कलिंगडाच्या फोडी घेऊन फाटकातून आली. मी तिच्यापुढंच सांगून टाकलं. माय, म्हातारी गेली. माझ्या वाट्याला तीनही कोंबडे आले. तलंग माझ्याकडं नाही.  मायनं फक्त मान हलवली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तशी बी तवर मी कुठं असते."

भाबीनं ताट बाजेवर ठेवलं आणि आल्या पावली गेली. परत आली तेव्हा पदराखाली काहीतरी हलत होतं. तिनं तलंग मायच्या मांडीत ठेवली, त्या दोघींतली तांबूस, जास्त अंगानं भरलेली. मायचं बोट लगेच गळ्याशी गेलं. चेहरा उजळला, आणि तेवढ्यात तिनं तलंग उचलून भाबीच्या दिशेनं पुढं केली.

"न्हाई बाई. वाटा झालेला हाय. फुकट घेत न्हाई मी."

"फुकट देतं कोन?" भाबी म्हणाली. "वाट्यानं देते, खाला. वाढवा, बसवा. अर्धी पिल्लं माझी."

मायचे हात तसेच राहिले. मग तिनं तलंग हळूहळू पुन्हा मांडीवर आणली. बाजारात बसलेल्या बाईसारखी ती सावरून बसली, पदर नीट केला.

"तलंगा कुनाच्या, कोंबडं कुनाचं?"

"जसं हाताला येतील तसं. पहिलं उचलायचा मान तुमचा."

"आन कोल्ह्यानं न्हेलं तर?"

"न्हेलं तर दोघींचं गेलं."

"खुडूक कवा बसंल ही?"

"पाऊस सरता सरता. दिवाळीपर्यंत पिल्लं हिंडती होतील."

मी जीव धरून बसले होते, आता ते वाक्य येईल म्हणून. तिचं बोट तलंगेच्या गळ्यावर पिसांशी खालीवर होत होतं. भाबी कलिंगडाच्या बिया काढत होती.

"मंजूर," माय म्हणाली. "पन पिल्लं दुसऱ्या कुनाच्या हाती धाडनार न्हाई. वाट्याचा सवाल हाय, मीच घेऊन यीन." मग ती माझ्याकडं वळली. "बाई, दिंद्रुडहून सरळ एसटी हाय का गं अजून? का केजला बदलावी लागती?"